बांध फुटल्यानंतर

उपाध्ये वैशाखातल्या एका सोमवारी आमच्या अंगणात आले. ते ओटीवर चढले नाहीत. अंगणातूनच म्हणाले, "मास्तर, काल ज्ञातीच्या सभेत ठरलं. आजपासून तुमच्या घराशी रोटी नाही, बेटी नाही, पाणी नाही." मामंजी म्हणाले, "बरं." उपाध्ये गेले. मी दाराआड उभी होते. मला चौथा महिना होता आणि पहिल्या बाळंतपणाला मी कल्याणला माहेरी जायची होते.

मामंजी म्हणजे माझे सासरे. ठाण्याच्या शाळेत ते मास्तर होते. यंदा माघात ते गेले. त्यांना खांदा द्यायला त्यांचे जुने विद्यार्थी आले. ते निरनिराळ्या जातींचे होते आणि त्या दिवशी कोणी कोणाला काही विचारले नाही. तेव्हापासून मी हे लिहायचे म्हणते आहे. दोन ओळी लिहिते आणि टाक खाली ठेवते.

मी नांदायला आले त्याआधीच सासूबाई वारल्या होत्या. घरात मामंजी आणि माझे यजमान, दोघेच. पहिल्या सकाळी मी परसात गेले, तर तिथल्या फुटक्या रांजणातून कोणीतरी मला हात केला. मी किंचाळले. मामंजी गडबडीने आले, रांजणात डोकावले आणि म्हणाले, "घाबरू नकोस. तो तुला नाही बोलावत."

रांजणात खाडीचा चिखल होता आणि चिखलात रुपयाएवढे खेकडे होते. त्यांतल्या नराची एक नांगी इवलीशी असते आणि दुसरी त्याच्या अंगाएवढी. ती मोठी नांगी तो उचलतो, हलवतो, खाली घेतो, पुन्हा उचलतो. दिवसभर. "हा वर," मामंजी म्हणाले. "आणि ती बघ, दोन्ही नांग्या लहान असलेली, ती मुलगी. वर हात हलवत उभा राहतो, मुलगी समोरून चालत जाते आणि बघून घेते. पसंत पडला तर त्याच्या बिळात जाते. आपल्यापेक्षा बरं आहे. तुला कुठे कोणी विचारलं होतं?"

मी मान खाली घातली. सासऱ्याने सुनेशी असे बोलायची रीत नव्हती. पण मामंजींना रीत आठवतच नसे. मला लिहायला वाचायला त्यांनीच शिकवले, तेही अशाच विसराळूपणाने. एकदा त्यांनी माझ्या हातात पुस्तक दिले आणि म्हणाले, "वाच, माझा चष्मा सापडत नाहीये." मला वाचता येत नाही हे त्यांना दोन दिवसांनी कळले. मग ते रोज दुपारी ओटीवर बसून शिकवू लागले.

शाळा सुटली की ते खाडीवर जात. डोक्याला पगडी, अंगात बाराबंदी आणि धोतर गुडघ्याच्या वर खोचलेले. ओहोटी लागली की मिठागराच्या बांधावर उभे राहत आणि उजवा हात हलवत. खेकड्यांच्या तालात. आधी बाजूने गोल फिरवून आत घेत. मग थांबत, बांधाच्या दुसऱ्या अंगाला वळत आणि हात सरळ वर नेऊन खाली टाकत. तासन्‌तास हेच. एका अंगाचे खेकडे हात फिरवतात आणि दुसऱ्या अंगाचे वर फेकतात, हे त्यांनी हेरले होते. दिसायला दोन्ही सारखे. रंगात थोडा फरक, तोही मला कधी कळला नाही.

गावात मात्र दुसरेच बोलले जाई. चेंदणीची एक कोळीण मासळीची पाटी घेऊन जाताना मला अडवून म्हणाली, "बाय, तुझ्या सासऱ्याला सांग, हात खाली ठेव म्हनावं. बुडालेली मानसं बोलावतो तो. काल माझ्या घरवाल्याची होरी उलटता उलटता वाचली."

मी घरी येऊन भीत भीत सांगितले. मामंजी हसले नाहीत. म्हणाले, "तिला सांग, मी कोणाला बोलावत नाही. लग्नं बघतो नुसती."

हे मी तिला सांगितले नाही. सांगण्यासारखे नव्हते. एकदा पाऊस येईल म्हणून छत्री घेऊन मी बांधापर्यंत गेले होते. आभाळ भरून आले होते, चिखल काळा दिसत होता आणि त्यावर लांबपर्यंत हजारो पांढऱ्या नांग्या उठत होत्या आणि बसत होत्या. मध्ये मामंजी पाठमोरे उभे, तसाच हात हलवत. मी हाक मारली. त्यांनी ऐकले नाही. मला वाटले, आता हे वळतील आणि मला ओळखणार नाहीत. छत्री बांधावर ठेवून मी पळत घरी आले.

त्यांच्याकडे मुंबईहून आणलेले एक इंग्रजी पुस्तक होते. त्यातले ते मला मराठीत सांगत. सांगताना ते माझ्याकडे न बघता स्वयंपाकघराकडे बघत आणि दाखला तिथूनच उचलत. "हे बघ, एकाच घरचं विरजण दोन मुलींनी दोन गावांना सासरी नेलं. तिथलं दूध निराळं, हवा निराळी. काही वर्षांनी दोघींच्या दह्याची चव निराळी होते. होते ना? पण दोन्ही दही एका भांड्यात घातली तर मिसळतात. प्राण्यांचंही आधी असंच असतं. मध्ये डोंगर येतो, पाणी येतं. इकडचे इकडे राहतात, तिकडचे तिकडे. थोडा थोडा फरक पडत जातो. कोणाच्या लक्षात येत नाही. आणि मग एक वेळ अशी येते की मधला डोंगर काढला तरी ते मिसळत नाहीत. एकाचे दोन झाले. आता ते पुन्हा एक व्हायचे नाहीत."

"ती वेळ केव्हा येते?" मी विचारले.

"ती कोणाला दिसत नाही. हजारो वर्षांचं काम. त्या दिवशीही खेकडे रोजच्यासारखेच हात हलवत असणार."

वाघ दिसतो, साप दिसतो. पण जो दिवस येऊन गेलेला कळत नाही त्याचे काय करायचे?

एका वर्षी उधाणाच्या भरतीने तो जुना बांध फुटला. मामंजींना आनंद लपवता येईना. आता दोन्ही अंगांचे खेकडे एकाच चिखलात आले होते. त्या वर्षी त्यांनी शाळेतून रजाही काढल्या. रोज संध्याकाळी चिखलाने माखून येत, पाय धुताना मी पाणी ओतत असे आणि विचारत असे, "आज?"

"नाही," ते म्हणत. "हात फिरवणाऱ्यांच्या अंगाची मुलगी त्यांच्यापुढून जाते, थांबते. वर फेकणाऱ्यापुढून जाते, तर जणू तिथे कोणी नाहीच. भांडत नाही, पळत नाही. नुसती बघत नाही."

पुढे ते म्हणाले, "बांध त्यांना तोडायला फार कोवळा होता गं. दोनचारशे वर्षांत एवढं होत नाही. बांध घालण्याआधीच ते दोन असणार. मी उगाच बांधाला श्रेय देत होतो." आपली चूक ते असे कौतुकाने सांगत, दुसऱ्याच्या मुलाचे कौतुक करावे तसे.

त्या वैशाखाआधीच्या चैत्रात, उन्हाने, ते त्या चिखलात पडले. भरती लागली होती. खाडीकडच्या ख्रिस्ती वाडीत मारूबाय म्हणून बाई राहत असे. तिचा नवरा मिठागरावर कामाला होता. त्या दोघांनी मामंजींना फळीवर घालून ओढून काढले, आपल्या घरी नेले आणि तोंडात पाणी घातले. यजमान त्यांना आणायला गेले तेव्हा मारूबाय वारा घालत होती.

इथेच सगळे मिटले असते. मारूबायचे पूर्वज आमच्याच मुलखातले. पोर्तुगीजांच्या अमलात बाटले. तेव्हापासून त्यांच्याशी आमचा पाण्याचा व्यवहार नाही. पण बेशुद्ध माणसाच्या तोंडात कोणी पाणी घातले तर त्याला प्रायश्चित्त थोडके असते. उपाध्ये स्वतः म्हणाले, "मास्तर, अजाणता घडलं. पंचगव्य घ्या, दक्षिणा ठेवा, झालं."

मामंजी म्हणाले, "पहिलं पाणी अजाणता. शुद्धीवर आल्यावर मी आणखी मागितलं. ते दुसरं भांडं मी स्वतःच्या हाताने तोंडाला लावलं."

"ते तुम्हाला कोणी विचारलं का?"

"नाही. पण तुम्ही घडलेलं लिहून घेणार तर सगळं घ्या."

खेकड्याने हात किती वेळा हलवला ते जसे सांगावे तसे त्यांनी हे सांगितले. अर्धे पाहिलेले सांगायचे नाही, अशी त्यांची सवय होती. त्या सवयीने आम्हांला वाळीत टाकले.

ज्याने ते सोसले नाही त्याला वाटेल, वाळीत टाकतात म्हणजे आरडाओरडा करतात, दगड मारतात. तसे काहीच झाले नाही. न्हावी आला नाही. परीट आला नाही. शेजारच्या काकू रोज सकाळी फुले तोडताना माझ्याशी बोलत, त्या तशाच फुले तोडत राहिल्या. मी म्हटले, "काकू, आज जास्वंद फार आली." त्यांनी मान वळवलीसुद्धा नाही. रागाने नव्हे. मी उभी होते ती जागा जणू मोकळी होती.

मग कल्याणहून आमचा जुना गडी आला. ओटीच्या पायरीशी उभा राहून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, बाईंनी सांगितलंय, बाळंतपणाचं बघू म्हणून. तुमच्या सासऱ्यांचं प्रायश्चित्त होईस्तोवर येऊ नका. तुम्हांला घरात घेतलं तर आपल्यालाही वाळीत टाकतील."

"आई बरी आहे का?"

"रडती."

त्या दिवसापासून मला झोप लागेना. माझ्या ओळखीतल्या दोन बाया पहिल्या बाळंतपणात गेल्या होत्या. एकीचे मूल आडवे होते. त्या वेळी घर बायांनी भरलेले होते, तरी ती गेली. माझ्या घरात बाईमाणूस नव्हते. मला कोण धरणार, कोण पाणी तापवणार, नाळ कोण कापणार? हे मी कोणाला विचारू? यजमानांना विचारले तर ते छताकडे बघत आणि म्हणत, "होईल काहीतरी."

एकदा मात्र ते मामंजींना म्हणाले, "नाना, एक शब्द म्हणून टाका ना. अजाणता. कोणाचं काय जातं?"

मला वाटते, मामंजींनी माझ्याकडे पाहिले. मी पोळपाट पुसत होते, तो पुसून झाला होता तरी पुसत होते. खरे सांगायचे तर मी मनात देवाला सांगत होते की यांना म्हणू दे.

संध्याकाळी मी धीर करून विचारले, "मामंजी, माणसांचंही तसं होतं का? खेकड्यांसारखं?"

"नाही नाही," ते घाईने म्हणाले. मी घाबरले आहे हे त्यांना पहिल्यांदाच दिसले असावे. "माणूस सगळा एकच. मारूबायच्या घरची मुलगी आणि आपल्या घरचा मुलगा, त्यांना मूल होईल आणि त्या मुलालाही मुलं होतील. रक्तात काही तुटलेलं नाही. आपण बघत नाही, इतकंच."

त्यांनी मला धीर द्यायला हे सांगितले. पण मी ते उलटे ऐकले. रक्तात काही तुटावे लागत नाही, तर मग एवढ्याशाने सगळे होते. नुसते न बघण्याने.

श्रावणात मामंजींनी प्रायश्चित्त घेतले. मिशा उतरवल्या, पंचगव्य घेतले आणि सभेपुढे उभे राहून म्हणाले, "अजाणता घडले." खाडीवर पाऊल ठेवणार नाही, असेही त्यांच्याकडून वदवून घेतले. घरी आले आणि परसातला रांजण त्यांनी स्वतः रिकामा केला. मला म्हणाले, "आता जा तू कल्याणला." त्यांचा चेहरा मिशांवाचून लहान मुलासारखा दिसत होता. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी पाय मागे घेतले.

यजमानांनी मला गाडीने कल्याणला पोचवले. आईने मला दारातच मिठी मारली. वडिलांनी विचारपूस केली. सगळे ठीक होते. आईने माझे डोहाळजेवण घातले, ती आळीतल्या बायांना कुंकू लावून बोलावून आली. सगळ्या म्हणाल्या, "येऊ हं, नक्की येऊ."

मला हिरवे लुगडे नेसवून चौरंगावर बसवले. आईने साखरभात केला होता, पुरणपोळ्या केल्या होत्या. माझी धाकटी बहीण दारात उभी राहून आळीत बघत होती. ऊन कलले. एकही बाई आली नाही. बंदी उठली होती, सभेने तसे कळवले होते. कोणी कोणाला अडवले नव्हते. प्रत्येकीला काहीतरी काम निघाले होते, इतकेच.

"पाऊस होता ना," आई म्हणाली.

पाऊस नव्हता. बहिणीने माझ्याकडे बघितले आणि मी तिच्याकडे. त्या क्षणी मला चिखलातून चालत जाणारी ती मादी दिसली. बांध काढून झाला होता.

चार दिवस आई माझ्याशी नीट बोलली नाही. मग केस विंचरताना मागून म्हणाली, "बाळे, धाकटीचं ठरत आलं होतं. त्यांच्याकडून निरोप नाही."

"माझ्यामुळे?"

"तसं कोण म्हणतंय? पण तू ठाण्याला गेलीस तर..." तिने फणी खाली ठेवली. "मी तुझी आई आहे गं. पण तिचीही आहे."

मी तिच्यावर रागावू शकले नाही. अजूनही नाही. आठवा संपत आला असताना मी ठाण्याला परत आले. स्टेशनावर मामंजी उभे होते. मला एकटीला वडिलांच्या गड्याबरोबर उतरताना पाहून त्यांना सगळे कळले. त्यांनी गाठोडे माझ्या हातातून घेतले, तेही रीतीत बसणारे नव्हते.

नवव्यात, एका सकाळी, मला कळा सुरू झाल्या. यजमान सुईणीकडे धावले. ती म्हणाली, दुसरीकडे चालले आहे. दुसरीच्या घराला कडी होती. मी खोलीत भिंतीला धरून उभी होते. मला एवढेच कळत होते की आता मी मरणार आणि हे पोर माझ्या आत मरणार, आणि बाहेर काकू फुले तोडत राहतील.

मामंजी दाराबाहेरून म्हणाले, "मी मारूबायला बोलावू का? तुला चालेल?"

मी "हो" म्हणून ओरडले.

मारूबाय आली ती पदर खोचतच. कोणाला काही न विचारता चूल पेटवली, पाणी ठेवले, आत आली. "कोन घाबरलाय?" म्हणाली. "तू? माझी सात झाली, दोन गेली, पाच हायत. धर मला. नखं लाव पायजे तर, माझी कातडी मिठाची हाय." मी तिला धरले. तिच्या अंगाला खाऱ्या वाऱ्याचा आणि माशाचा वास होता. मूल पायाळू निघाले. तिने ते कसे फिरवले मला माहीत नाही. माझ्या किंकाळ्या ऐकून मामंजी ओटीवर मोठ्याने रामरक्षा म्हणत होते, आणि त्यांना ती पुरती येत नसल्यामुळे तेच चार श्लोक पुन्हा पुन्हा म्हणत होते.

"पोरगी!" मारूबाय बाहेर ओरडली. "आवाज ऐका, काय आवाज हाय!"

दुपारी तिने आमच्या चुलीवर आमच्याच तांदळाची पेज केली. मला भरवली. एक वाटी यजमानांना दिली, त्यांनी ती घेतली आणि बराच वेळ हातात धरून ठेवली, मग प्याले. मामंजींनी आपली संपवली आणि वाटी पुढे केली. "आणखी आहे का?"

मारूबाय गेल्यावर ते दाराशी येऊन बसले. आत बघितले नाही. म्हणाले, "उद्या मी उपाध्यांकडे जाणार आहे. आज आमच्या घरी काय झालं ते सांगायला. मागच्या वेळी जे अजाणता म्हणालो, ते खोटं होतं हेही सांगेन. पण तू नको म्हणालीस तर जाणार नाही. तुझं माहेर आहे."

पोर माझ्या कुशीत होती. तिच्या मुठी मिटलेल्या होत्या. मी विचार केला, हे गप्प राहिले तर कल्याणची दारे उघडी राहतील. उघडी दारे मी पाहून आले होते. आईने खाली ठेवलेली फणीही आठवली, आणि धाकटी.

"धाकटीचं लग्न होऊ द्या आधी," मी म्हणाले. "मग सांगा."

"बरं," ते म्हणाले.

मी माहेर सोडून परत आल्यावर धाकटीचे ठरले. मार्गशीर्षात तिचे लग्न झाले. आम्हांला बोलावणे नव्हते. लग्न लागल्याची बातमी आली त्या सकाळी मामंजींनी पगडी घातली, पायरीवर क्षणभर थांबून माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. ते गेले आणि उपाध्यांच्या अंगणात उभे राहून त्यांनी सगळे सांगितले. पेज किती वाट्या, तेही.

नंतर पुष्कळ वर्षे आम्ही या घरात वाळीतच राहिलो. शाळेने त्यांना काढले नाही, पण मुले कमी झाली. ते पुन्हा खाडीवर जाऊ लागले होते, म्हातारपणी नुसते बसून बघायला. शेवटी शेवटी त्यांना माणसांची नावे आठवत नसत. माझे मात्र आठवे.

माझी मुलगी आता तेरा वर्षांची आहे. तिला वाचता येते. कल्याणहून किंवा ठाण्याहून तिला अजून कोणी मागणी घातलेली नाही.